अपत्यप्राप्तीचे उपचार आणि न्यायाची कसोटी

मूल हवे असणे ही मनुष्याची स्वाभाविक इच्छा आहे. ती राजाला असते तशी रस्ता झाडणाऱ्यालाही असते. मात्र ती पूर्ण न झाल्यास जे उपचार करावे लागतात, ते सर्वांच्या आवाक्यात सारखे नसतात. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यासाठी आज विज्ञानाने अनेक दारे उघडली आहेत. ज्याच्याजवळ तो नाही त्याच्या वाट्याला नवस, उपासतापास, गंडेदोरे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टोमणे येतात. या विषयावर घराघरांत कुजबुज होते, पण सभेत कोणी बोलत नाही. म्हणूनच सभासद आणि विद्यार्थी बंधुभगिनींसमोर तो अभ्यासाच्या अंगाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही डॉक्टर नाही. बँकेच्या काउंटरवर बसून आकडेमोड करणाऱ्यांपैकी आहोत. त्यामुळे या लेखात हिशेब थोडा अधिक आला तर वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

१. प्रश्न किती मोठा आहे?

एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ नियमित शरीरसंबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर वैद्यकशास्त्र त्यास वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढ माणसांना, म्हणजे दर सहांपैकी एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा या अडचणीला तोंड द्यावे लागते. श्रीमंत देशांत हे प्रमाण १७.८ टक्के आणि गरीब व मध्यम देशांत १६.५ टक्के आढळले. याचा अर्थ, हा श्रीमंतांचा आजार नव्हे. दुःख दोघांचे जवळजवळ सारखे आहे, फरक आहे तो उपायात.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. मूल होत नाही म्हटले की आपल्याकडे बोट बाईकडेच वळते. 'वांझ' हा शब्द स्त्रीसाठी आहे, पुरुषासाठी तसा रुळलेला शब्दच नाही. डोहाळजेवणाला, बारशाला तिला मागे ठेवतात. काही घरांत तिला माहेरी धाडून दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. शास्त्र मात्र सांगते की, सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष हे एकमेव किंवा एक कारण असते. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि शरीराला इजा न करणारी तपासणी आहे. तरीही अनेक घरांत बाईच्या सर्व तपासण्या आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाल्यावरच पुरुष प्रयोगशाळेची पायरी चढतो, कधी कधी तर चढतच नाही. तेव्हा न्यायाचा प्रश्न घरातूनच सुरू होतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

२. उपचार म्हणजे नेमके काय?

वंध्यत्वावरील सर्व उपचार महागडे नसतात. थायरॉईडचा दोष असल्यास साधी गोळी, स्त्रीबीज वेळेवर तयार होत नसल्यास ते तयार होण्याच्या गोळ्या, शुक्रजंतू थोडे कमी असल्यास ते स्वच्छ करून नळीने गर्भाशयात सोडणे, हे उपचार तुलनेने स्वस्त आहेत. पुष्कळ जोडप्यांचे काम एवढ्यात भागते.

ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी 'टेस्ट ट्यूब बेबी' ही पद्धत आहे. यात स्त्रीला सुमारे दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे वाढवतात. ती सुईने बाहेर काढून प्रयोगशाळेत शुक्रजंतूंशी त्यांचा संयोग घडवतात. तयार झालेला गर्भ तीन ते पाच दिवसांनी गर्भाशयात सोडतात. उरलेले गर्भ गोठवून ठेवता येतात. पतीचे शुक्रजंतू वा पत्नीचे बीज उपयोगाचे नसेल तर दात्याचे घेतात. गर्भाशयच नसेल किंवा ते गर्भ सांभाळू शकत नसेल, तर दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात तो वाढवतात. यालाच 'सरोगसी' म्हणतात.

३. सार्वजनिक पैशातून उगवलेले ज्ञान

इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी या पद्धतीने जगातील पहिले मूल जन्मले. त्यानंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने आपल्या देशात एक मुलगी जन्मली. त्यांच्या पाठीवर थाप पडण्याऐवजी सरकारी चौकशी समितीने त्यांचा दावा धुडकावून लावला. परदेशातील परिषदेस जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही आणि त्यांची बदली करण्यात आली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. पुढे १९९७ मध्ये डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांची टिपणे अभ्यासून पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला. हे आनंद कुमार कोण, तर ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासमवेत ज्यांनी हाच प्रयोग यशस्वी केला होता आणि तोवर ज्यांच्याकडे पहिलेपणाचा मान होता, तेच. स्वतःचा मान दुसऱ्याला देणाऱ्या अशा माणसांची उदाहरणे विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावीत.

येथे एक बाब नजरेआड होऊ नये. के. ई. एम. हे महानगरपालिकेचे रुग्णालय. आनंद कुमार ज्या परळच्या संशोधन संस्थेचे, ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे सरकारी. गिरणी कामगार, हमाल, झाडूवाले यांच्याही करातून चालणाऱ्या संस्थांमध्ये हे ज्ञान आपल्या राज्यात रुजले. पुढे मात्र ते बहुतांशी खाजगी दवाखान्यांत गेले आणि तेथून ते सामान्य माणसाला विकत घ्यावे लागले. सार्वजनिक पैशातून उगवलेल्या झाडाची फळे कुंपणाच्या आत गेली, असेच म्हणावे लागेल.

४. खर्चाचा हिशेब

खाजगी रुग्णालयात टेस्ट ट्यूब पद्धतीच्या एका आवर्तनाला औषधांसह साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात. आपण दोन लाख धरू. एवढी रक्कम १२ टक्के व्याजाने तीन वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ६,६४३ रुपये बसतो आणि एकूण फेड २ लाख ३९ हजारांच्या घरात जाते. महिना पंधरा हजार मिळविणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या घरात हा हप्ता कसा बसवायचा? शिवाय बँका अशा माणसाला विनातारण कर्ज सहसा देत नाहीत. तेव्हा तो मंगळसूत्र गहाण ठेवतो, नाहीतर खाजगी सावकाराकडे जातो.

पुढचा हिशेब याहून कठीण आहे. एवढे पैसे भरूनही मूल होईलच अशी हमी नसते. ब्रिटनच्या नियामक संस्थेच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार पस्तिशीच्या आतील स्त्रियांत, गर्भाशयात सोडलेल्या दर शंभर गर्भांमागे सुमारे ३५ मुले जन्मली. चाळिशीनंतर हे प्रमाण दहाच्या आसपास येते आणि पुढे ते आणखी घसरते. सोयीसाठी दर प्रयत्नाला एक-तृतीयांश यश धरले, तरी तीन प्रयत्नांनंतर शंभरातील तीस जोडपी रिकाम्या हातानेच घरी जातात. सहा लाख खर्चून! श्रीमंताच्या बाबतीत ही निराशा असते. गरिबाच्या बाबतीत निराशेसोबत कर्जबाजारीपणही येते. दवाखान्याच्या जाहिरातीत हसऱ्या बाळांची चित्रे असतात, या तीस जोडप्यांचे चित्र कोठेच नसते.

विमा आणि सरकारी योजना काय करतात? बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत वंध्यत्वावरील उपचार वगळलेले असतात. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतही, जी मुख्यतः गरिबांसाठी आखली गेली, वगळलेल्या बाबींच्या यादीत हे उपचार आहेत. उलट केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत २०११ च्या आदेशाने तीन आवर्तनांपर्यंत, प्रत्येकी ६५ हजार रुपयांच्या मर्यादेत, खर्चाची भरपाई मान्य झाली. कर्मचाऱ्यांना हे मिळाले यात गैर काही नाही. पण ज्या कचेरीत कायम कारकुनाला ही भरपाई मिळते, त्याच कचेरीचा जिना पुसणाऱ्या कंत्राटी बाईला ती मिळत नाही. दोघींची कूस सारखीच रिकामी असताना सरकारी तिजोरीने एकीला ओळखावे आणि दुसरीला ओळखू नये, हा न्याय कसा?

५. गरिबाचे वंध्यत्व पुष्कळदा टाळता येण्याजोगे असते

श्रीमंत वर्गात उशिरा झालेले लग्न आणि वाढलेले वय हे एक मोठे कारण असते. गरीब वस्तीतील चित्र अनेकदा निराळे दिसते. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हे गर्भनलिका बंद पडण्याचे एक प्रमुख कारण आहे. हा रोग खोकल्याविना, गुपचूप येतो आणि नलिका बुजवून जातो. असुरक्षित गर्भपात, अस्वच्छ बाळंतपण, वेळीच उपचार न झालेले जंतुसंसर्ग यांचाही परिणाम तोच होतो. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ते वेळीच मिळाले असते तर पुढे दोन लाखांच्या उपचाराची वेळच आली नसती. अंधाऱ्या, कोंदट खोलीत राहणाऱ्या बाईला आधी क्षय होतो, मग त्यातून वंध्यत्व येते, आणि शेवटी त्या वंध्यत्वाबद्दल तिलाच दूषण दिले जाते. एकाच अन्यायाचे हे तीन हप्ते होत.

आणखी एक वस्तुस्थिती आपल्याच राज्यातील आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत ऐन तारुण्यातील स्त्रियाही होत्या. पाळीमुळे खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, फडावर ना पाणी ना आडोसा, आणि दुखणे घेऊन गेल्यास डॉक्टर 'पिशवी काढून टाका' म्हणून सांगतो. एकाच महाराष्ट्रात एका वर्गाला गर्भधारणेसाठी लाखो रुपयांचे विज्ञान उपलब्ध आहे आणि दुसऱ्या वर्गातील बाई रोजगार बुडू नये म्हणून गर्भाशय काढून घेते. ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. विषमता म्हणजे काय, हे समजून घेण्यास वेगळ्या ग्रंथाची गरज पडणार नाही.

६. शासनाची नजर

आपल्या शासनाने गरिबाच्या जननशक्तीकडे प्रदीर्घ काळ एकाच नजरेने पाहिले, ती कशी थांबवावी या नजरेने. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी अनेक सक्तीच्या होत्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या आणि तेरा जणी दगावल्या. कुटुंबनियोजनाला आमचा विरोध नाही. नियोजन हे सुबुद्ध कुटुंबाचे लक्षण आहे. परंतु १९९४ च्या कैरो येथील जागतिक लोकसंख्या परिषदेत, भारतासह अनेक राष्ट्रांच्या संमतीने, प्रजनन आरोग्याची जी व्याख्या स्वीकारली गेली, तिच्या सेवांमध्ये वंध्यत्वाचा प्रतिबंध व उपचार यांचाही समावेश आहे. मूल नको असेल तर ते टाळण्याचा आणि हवे असेल तर त्यासाठी मदत मिळण्याचा, असे हे एकाच हक्काचे दोन भाग आहेत.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन भूमिका एकत्र वाचण्यासारख्या आहेत. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, प्रसूतीच्या काळात स्त्रीला विश्रांती मिळणे हे सर्व जनतेच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात शासनाने उचलला पाहिजे. दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, त्यांच्या पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव त्याच विधिमंडळात मांडला गेला आणि तो फेटाळला गेला. एका ठिकाणी मातृत्वाला आधार आणि दुसऱ्या ठिकाणी मातृत्वाच्या सक्तीपासून सुटका. दोन्हींत सूत्र एकच आहे. स्त्रीचे शरीर हे तिचे आहे आणि तिच्या ओझ्यात समाजाचा वाटा आहे.

७. २०२१ चे कायदे

सुमारे चार दशके हा व्यवसाय वेगळ्या कायद्याविनाच चालला. अखेर २०२१ मध्ये संसदेने सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा व सरोगसीचा असे दोन कायदे केले आणि ते जानेवारी २०२२ पासून अमलात आले. यांतील मुख्य तरतुदी विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्याव्यात.

पहिल्या कायद्याने दवाखाने व बीजपेढ्या यांची नोंदणी सक्तीची झाली. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे. एकट्या स्त्रीला उपचार घेता येतो, एकट्या पुरुषाला किंवा लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्याला नाही. बीजदात्री २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे आणि सातहून अधिक बीजे काढू नयेत, असे बंधन आहे. तिच्यासाठी बारा महिन्यांचा विमा उतरवावा लागतो. जन्मलेल्या मुलाला सर्व हक्क औरस संततीप्रमाणेच मिळतात.

दुसऱ्या कायद्याने पैसे घेऊन गर्भाशय देण्यास बंदी घातली. सरोगेट माता विवाहित, स्वतःचे मूल असलेली, २५ ते ३५ वयाची असावी आणि तिने हे एकदाच करावे. तिचा छत्तीस महिन्यांचा विमा उतरवावा लागतो. विधवा व घटस्फोटित स्त्रीला ३५ ते ४५ या वयात या मार्गाने जाता येते, अविवाहित स्त्रीला नाही.

हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु नीतिशास्त्राचा विद्यार्थी तेवढ्यावर थांबत नाही. अविवाहित स्त्री एका कायद्याने आई होऊ शकते आणि दुसऱ्याने नाही, याला कोणते तत्त्व लावायचे? सरोगसीत डॉक्टर, वकील, दवाखाना या सर्वांना मोबदला मिळतो, फक्त नऊ महिने पोटात भार वाहणाऱ्या बाईने तेवढे 'निःस्वार्थी' असावे, ही अपेक्षा न्याय्य आहे काय? २०१७ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही हाच आक्षेप घेऊन वाजवी भरपाईची शिफारस केली होती. याला दुसरी बाजूही आहे. भरपाई खुली केली की गरज असलेली बाईच पुढे होणार आणि तिची संमती कितपत स्वतंत्र, हा प्रश्न उरणार. गुजरातमधील आणंदसारख्या ठिकाणी हा व्यवसाय भरभराटीस आला होता, तेव्हा गर्भ वाढविणाऱ्या बहुतेक स्त्रिया गरीब होत्या आणि मूल नेणारी जोडपी सधन होती. आमच्या मते दोन्ही टोके टाळून, शासनाच्या देखरेखीखाली बुडालेली मजुरी, आहार, औषध आणि पुढील आरोग्य यांची भरपाई देणे हाच मध्यम मार्ग ठरेल.

८. जात, रंग आणि मुलगा

बीजपेढीत जाऊन दात्याची जात विचारणारी, 'गोऱ्या रंगाचेच बीज हवे' म्हणणारी जोडपी असतात, हे वर्तमानपत्रांतून वेळोवेळी आले आहे. पेशीला जात नसते. सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्याही शुक्रजंतूच्या कपाळावर वर्ण लिहिलेला दिसत नाही. असे असता ज्या विज्ञानाने जन्माचे रहस्य उलगडले, त्याच विज्ञानाच्या टेबलावर जन्माधिष्ठित उच्चनीचता पुन्हा मांडावी, याहून मोठी विसंगती कोणती? जन्मावरून नव्हे तर कर्मावरून माणूस ओळखावा, ही शिकवण मानणाऱ्या समाजाने तरी हा प्रश्न दवाखान्यात विचारू नये.

मुलग्याचा हव्यास हा दुसरा रोग. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा आहे आणि पुढे त्यात गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही बंदी आली. २०२१ च्या कायद्यानेही ठरावीक लिंगाचे मूल देण्याचे आश्वासन हा गुन्हा ठरविला आहे. लाखो रुपये भरले म्हणून मुलगा मागण्याचा हक्क उत्पन्न होत नाही.

९. दोन नेहमीचे आक्षेप

पहिला आक्षेप असा की, देशात लोकसंख्या एवढी वाढलेली असताना सरकारने अशा उपचारांवर पैसा का खर्चावा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशाचा जननदर दर स्त्रीमागे २.० आणि महाराष्ट्राचा १.७ झाला आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यास जो २.१ दर लागतो, त्याच्याही खाली आपण आलो आहोत. शिवाय हा आक्षेप फक्त गरिबाच्या उपचाराला घेतला जातो. पंचतारांकित दवाखान्यात जन्मलेले मूलही लोकसंख्येतच मोजले जाते!

दुसरा आक्षेप, 'दत्तक का घेत नाही?' दत्तक घेणे हा उत्तम मार्ग आहे आणि त्याचा प्रसार झालाच पाहिजे. १९५६ च्या दत्तक कायद्याच्या कक्षेत बौद्धही येतात, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या पात्र व्यक्तीस दत्तक घेता येते. मात्र तेथेही इच्छुक पालक अधिक आणि मुले कमी असल्यामुळे कैक वर्षे थांबावे लागते. अनाथ मुलांची जबाबदारी सर्व समाजाची आहे, ती केवळ निपुत्रिकांवर लादता येत नाही. ज्यांना स्वतःची दोन मुले आहेत त्यांना कोणी हा प्रश्न विचारत नाही, ही बाबही विचारात घ्यावी.

१०. इतर देशांनी काय केले?

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेनुसार चाळिशीच्या आतील पात्र स्त्रीस तीन आवर्तने सरकारी खर्चाने मिळावीत असे आहे. प्रत्यक्षात विभागागणिक नियम बदलतात आणि पुष्कळ ठिकाणी एकच आवर्तन मिळते. त्यामुळे राहत्या पत्त्यावर नशीब ठरते, अशी तेथील लोकांची तक्रार आहे. इस्रायलमध्ये दोन मुले होईपर्यंत, वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत सरकार खर्च करते. फ्रान्सने २०२१ मध्ये एकट्या स्त्रियांनाही ही सोय खुली केली. बेल्जियममधील गेंक येथे डॉक्टरांनी महागड्या यंत्रांऐवजी बंद काचनळीत सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा यांतून आवश्यक वायू निर्माण करून गर्भ वाढविण्याची स्वस्त पद्धत यशस्वी केली. यावरून दिसते की महागडेपणा हा या शास्त्राचा अटळ गुणधर्म नव्हे.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत उपचार सुरू झाले आणि मुंबईच्या कामा रुग्णालयात २०२४ मध्ये सरकारी केंद्र उघडले. पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या बाईला महिनाभर मुंबईत राहून इंजेक्शने घेणे कसे परवडावे? मोफत उपचारालाही भाडे, खोली आणि बुडालेली मजुरी असते.

११. न्याय्य व्यवस्थेचा आराखडा

वैद्यकीय नीतिशास्त्रात चार कसोट्या मानतात. रुग्णाच्या निर्णयाचा आदर, त्याचे भले करणे, अपाय न करणे आणि न्याय. यांना धरून आमच्या अल्पमतीने पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

पहिली पायरी प्रतिबंधाची: क्षय, जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात यांना आळा घालणे. यावर खर्चलेल्या रुपयाचा लाभ सर्वाधिक लोकांना होतो. दुसरी पायरी: प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात पतिपत्नी दोघांची प्राथमिक तपासणी व साध्या गोळ्या. तिसरी: जिल्हा रुग्णालयात शुक्रजंतू गर्भाशयात सोडण्याची सोय. चौथी: विभागवार वैद्यकीय महाविद्यालयांत टेस्ट ट्यूब केंद्र. खालच्या पायऱ्या नसताना वरचीच बांधली तर ती शहरी लोकांपुरती उरेल.

जागा थोड्या आणि मागणी मोठी असणारच. तेव्हा प्रतीक्षायादी कोणत्या निकषावर लावावी? स्त्रीचे वय, किती वर्षे प्रयत्न झाले, आधीचे मूल आहे की नाही आणि यशाची वैद्यकीय शक्यता, हे निकष योग्य होत. आमदाराची चिठ्ठी, ओळख आणि देणगी हे नव्हेत. यादी भिंतीवर क्रमांकाने लावावी, नावाने नको. म्हणजे गुप्तताही राहील आणि वशिलाही चालणार नाही. प्रत्येक दवाखान्याने वयोगटानुसार आपले यशाचे प्रमाण फलकावर लावावे, म्हणजे माणूस डोळे उघडे ठेवून निर्णय घेईल.

१२. आपण काय करू शकतो?

कायदे व योजना दिल्ली-मुंबईत ठरतात, परंतु काही गोष्टी आपल्या वस्तीतच करता येतात. महिला मंडळाने वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाचे व्याख्यान ठेवावे आणि त्यास पुरुषांनीही बसावे. मूल नसलेल्या भगिनीला बारशाला, हळदीकुंकवासारख्या प्रसंगांना, मंगल परिणयाला मानाने पुढे बोलवावे. उपचारासाठी कर्ज काढणाऱ्यास मंडळातील जाणत्यांनी हप्ता, व्याज आणि यशाची शक्यता समजावून सांगावी आणि किती प्रयत्नांनंतर थांबायचे हे आधीच ठरविण्यास मदत करावी. मूल होण्याचे आमिष दाखविणाऱ्या बुवा-बाबांपासून सावध करावे. अलौकिक शक्तीने अपत्य देतो असे सांगून स्त्रीशी लैंगिक संबंध ठेवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. आणि शेवटचे, ज्यांनी मुलाविना जगण्याचे ठरविले त्यांचे जीवन अपुरे आहे असे कोणीही मानू नये. माणसाची किंमत त्याच्या संततीवरून ठरत नाही.

मूल होणे हा कोणालाच हमीने देता येणारा हक्क नाही, निसर्ग तशी हमी देत नाही. पण तपासणी, उपचार, खरी माहिती आणि सन्मान यांतील आपला वाटा मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हा वाटा पाकिटाच्या जाडीवर, जातीवर वा ओळखीवर ठरू नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वंध्यत्वाचा दोष केवळ स्त्रीला देणे अशास्त्रीय व अन्यायकारक कसे आहे?
२. सरकारी केंद्रात वर्षाला शंभर जागा आणि पाचशे अर्ज असल्यास तुम्ही निवडीचे कोणते नियम कराल? कारणे द्या.
३. सरोगेट मातेला आर्थिक भरपाई द्यावी काय? दोन्ही बाजू मांडा.
४. आपल्या तालुक्यातील सरकारी रुग्णालयात वंध्यत्वाच्या कोणत्या तपासण्या होतात, याची माहिती मिळवून मंडळाच्या पुढील बैठकीत वाचून दाखवा.